तांबेऱ्याची वंशावळ

तापीच्या उत्तर तीरावर, गोमाई नदी जेथे तापीस मिळते तेथे, प्रकाशा हे गाव वसले आहे. आज ते नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे. १९९८ साली नवा जिल्हा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात मोडत असे. केदारेश्वर आणि संगमेश्वर यांच्या देवळांमुळे भाविक लोक या गावास दक्षिणकाशी म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र प्रकाशा आठवते ते तेथील पांढरीच्या टेकाडामुळे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी हे टेकाड खणले, आणि त्याच्या तळाशी ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आली. दगडाची बारीक हत्यारे, तांब्याच्या थोड्या वस्तू आणि रंगीत नक्षीची मडकी असा त्या लोकांचा संसार होता. त्यांचा काळ थापर यांनी इ. स. पूर्वी १७०० ते १३०० असा ठरविला. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे थर आहेत आणि त्याहीवर ऐतिहासिक काळातील थर आहेत.

खापरांवरून माणसांचा इतिहास लिहिण्याची विद्या आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. येथे आम्हांस इतिहास सांगावयाचा आहे तो वेगळ्याच एका वंशाचा. या वंशाने घरे बांधली नाहीत, मडकी घडविली नाहीत, नाणी पाडली नाहीत. तरीही माणूस गहू पेरू लागला तेव्हापासून तो माणसाच्या सोबत आहे आणि माणसाच्या ताटातला घास त्याने पुष्कळ वेळा पळविला आहे. हा वंश म्हणजे गव्हावरील तांबेरा. तो एका सूक्ष्म बुरशीपासून होतो, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु या बुरशीलाही वंशावळ आहे, तिच्यातही घराणी उदयास येतात आणि लयास जातात, आणि त्या उलाढालींचा आपल्या शेतीच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. ती समजून घेतल्यावाचून आपल्या अन्नधान्याचे पुढे काय होणार हे नीट सांगता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रकाशाच्या मडक्यांचे माळव्याच्या मडक्यांशी नाते आहे. त्याच काळी नर्मदेच्या काठी, महेश्वरासमोर, नावडातोली येथे अशीच वस्ती नांदत होती. डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ मध्ये व पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा जळून कोळसा झालेले धान्य सापडले. त्यात गहू होता, मसूर, मूग, उडीद ही कडधान्ये होती, आणि जवसही होते. भीमेच्या खोऱ्यातील इनामगावच्या लोकांचा भर सातूवर असल्याचे पुढे १९६८ पासूनच्या उत्खननांत दिसून आले. तेव्हा तापीकाठची काळी जमीन कसणारे प्रकाशाचे ते आदिवासिंदे हिवाळी पिके म्हणून अशीच धान्ये घेत असावेत, असा तर्क करण्यास हरकत नाही.

मग त्यांच्या शेतात तांबेरा होता काय? आपल्याकडील पुरावा या बाबतीत मुका आहे. परंतु पश्चिम आशियातील एका पुराव्यास वाचा फुटली आहे. इस्राएलमधील तेल बाताश येथे इ. स. पूर्वी १३०० च्या सुमाराच्या कोठारात गव्हाची तुसे सापडली. त्यांवर काळ्या तांबेऱ्याची बीजुके आणि तिचे तंतू चिकटून राहिलेले आहेत, असे मोर्देखाय किस्लेव्ह यांनी १९८२ साली दाखवून दिले. म्हणजे प्रकाशाच्या पहिल्या वस्तीचा दिवस मावळत होता त्या वेळी गहू आणि तांबेरा यांचे वैर जुने झालेले होते. रोमन लोक तर दरवर्षी २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेस बळी देऊन शांत करीत असत. जेथे गहू गेला तेथे त्याचा शत्रूही गेला, हाच या इतिहासाचा पहिला धडा होय.

या शत्रूचे रूप थोडक्यात सांगितले पाहिजे. गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा पडतो. एक पानावरील तपकिरी, दुसरा थंड मुलखातला पिवळा, आणि तिसरा मुख्यतः खोडावर येणारा काळा. महाराष्ट्राच्या उबदार हवेत पिवळ्याचा उपद्रव नाही. आपले वैरी पहिला आणि तिसरा. पानावर किंवा खोडावर पुळी येते, ती फुटते, आणि तिच्यातून विटकरीच्या पुडीसारखी बीजुके बाहेर पडतात. शेतातून चालणाऱ्याचे धोतर तांबूस होते. एकेक बीजुक वाऱ्याने उडून दुसऱ्या पानावर पडले आणि तेथे रात्रीचे दव मिळाले की रुजते. आठपंधरा दिवसांत तेथे नवी पुळी उठते आणि पुन्हा हजारो बीजुके निघतात. अन्नरस दाण्यात जावयाचा तो बुरशीच खाऊन टाकते. दाणा सुरकुततो, हलका होतो, आणि खळ्यात उफणताना वाऱ्याबरोबर भुसकटात जातो.

आपल्या देशातील या रोगाचे जे जुने तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे ते ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनचे. हा अधिकारी अनेक वर्षे नर्मदेच्या खोऱ्यात होता, आणि १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने १८३० च्या आगेमागे त्या खोऱ्यात पडलेल्या तांबेऱ्याची हकीकत दिली आहे. कोसच्या कोस पसरलेला गहू असा बसला की तो कापण्याची मजुरीही सुटेना, असे ते दृश्य होते. लोक याचे कारण शोधीत होते. कोणी म्हणत, हे पापाचे फळ आहे. कोणी दोष देत तो जवसाला. गव्हात जवसाचे पाटे टाकण्याची चाल होती, आणि जवसावरही तांबूस पुळ्या दिसत. तेव्हा जवसाचा रोग गव्हास लागतो असा लोकांचा समज झाला होता.

हा समज खरा नव्हता. जवसाचा तांबेरा जवसापुरता आणि गव्हाचा गव्हापुरता. तथापि त्या शेतकऱ्यांची आम्ही थट्टा करणार नाही. रोग कोठून तरी येतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, एवढे त्यांनी डोळ्यांनी टिपले होते. युरोपात तर शेतकऱ्यांचा असाच एक समज अखेर खरा ठरला. दारुहळदीच्या जातीच्या झुडपांमुळे गहू बिघडतो असे तिकडील शेतकरी फार दिवसांपासून म्हणत, आणि १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी प्रयोगाने सिद्ध केले की काळ्या तांबेऱ्याची अर्धी जीवनयात्रा खरोखरच त्या झुडपावर होते. तेथे त्या बुरशीचा नरमादीचा संयोग घडतो. पुढे अमेरिकेत ही झुडपे लाखोंनी उपटण्यात आली.

भारतात मात्र कोडे पडले. एडविन बटलर आणि हेमन यांनी १९०६ साली हिंदी गव्हाच्या तांबेऱ्यांवर प्रबंध लिहिला, तेव्हाच हा प्रश्न उभा होता. मैदानात ते झुडूप नाही. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात बीजुके जगू शकत नाहीत. शेतात सहा महिने गहूच नसतो. मग दर वर्षी पौष-माघात तांबेरा येतो कोठून? याचे उत्तर काढण्यात आग्रा कॉलेजातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आपले आयुष्य वेचले. वाऱ्यातील बीजुके पकडून, डोंगरोडोंगरी हिंडून, कोठे गव्हाची रोपे उन्हाळ्यात हिरवी राहतात याचा शोध घेऊन त्यांनी दाखविले की मैदानातील तांबेरा दर उन्हाळ्यात मरतो, आणि दर हिवाळ्यात तो डोंगरांतून नव्याने उतरतो. उत्तरेस हिमालय आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीचे डोंगर ही त्याची माहेरघरे. दारुहळदीचा आपल्याकडील तांबेऱ्याशी व्यवहारात काही संबंध राहिलेला नाही. त्यांचे प्रबंध १९४० आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. दुसरा छापून आलेला पाहण्यास ते हयात नव्हते.

खानदेशाच्या दृष्टीने यातला दक्षिणेचा मार्ग महत्त्वाचा आहे. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. त्यांच्या वाऱ्याबरोबर निलगिरी-पळणीवरील बीजुके शेकडो मैल उत्तरेस येतात आणि वादळी पावसाच्या थेंबांबरोबर दख्खन व मध्य भारतातील कोवळ्या गव्हावर उतरतात. १९७० नंतरच्या दशकात नागराजन आणि जोशी यांनी हवामानाचे नकाशे आणि रोगाच्या नोंदी ताडून पाहून या प्रवासाचे नियमच बसविले. अवकाळी पाऊस आला की गव्हावर तांबेरा येणार, असे म्हाताऱ्या शेतकऱ्याने म्हणावे, त्यामागे एवढी लांबची वाटचाल दडलेली असते.

या वाटचालीची जबर किंमत देशाने १९४६-४७ च्या हंगामात मोजली. त्या वर्षी मध्य भारतात आणि आसपासच्या मुलखात काळा तांबेरा असा पसरला की सुमारे वीस लाख टन गव्हाचे नुकसान झाले असा अंदाज आहे. बंगालचा दुष्काळ होऊन तीनच वर्षे लोटली होती, शहरांतून शिधापत्रिकेवर धान्य मिळत होते, आणि स्वातंत्र्य सहा महिन्यांवर आले होते. नव्या राज्यकर्त्यांना परदेशी धान्यासाठी जे हात पसरावे लागले, त्यात या तांबड्या पुडीचाही वाटा होता.

आता वंशावळीकडे वळू. एकाच प्रकारचा तांबेरा एका गव्हावर माजतो आणि शेजारच्या दुसऱ्या गव्हावर त्याला पाय रोवता येत नाही, हे शेतकऱ्यास ठाऊक होतेच. १९०५ साली केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी दाखविले की ही प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या उतरते. मोठी आशा निर्माण झाली. प्रतिकार करणारे वाण शोधावे, त्याचा चांगल्या वाणाशी संकर करावा, आणि तांबेऱ्याची कटकट कायमची मिटवावी! परंतु अमेरिकेत मिनेसोटा येथील एल्विन स्टॅकमन यांच्या ध्यानात आले की तांबेरा हा एक नव्हे. दिसावयास सारखे, परंतु कोणत्या गव्हावर माजतात या बाबतीत भिन्न असे त्याचे अनेक वंश आहेत. हे वंश ओळखावयाचे कसे? स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी लेव्हाइन यांनी १९२२ च्या सुमारास जगभरातील बारा गव्हांचा एक संच ठरविला. नवा तांबेरा या बाराही गव्हांच्या रोपांवर टाकून पाहावयाचा. कोठे पुळी उठते आणि कोठे नुसता ठिपका पडून विषय संपतो, हे लिहून घ्यावयाचे. त्यावरून त्याचा वंश ठरवावयाचा. जगातील प्रयोगशाळांत अनेक दशके याच बारा गव्हांची साक्ष घेतली जात असे.

त्या बारांत लिटल क्लब होता, मार्क्विस होता, कुबांका होता, आणि यादीच्या शेवटी होता खपली! हा आपला खपली गहू. भारतातून गेलेला आणि आपले मराठी नाव सोबत घेऊन गेलेला. कृष्णाकाठी आजही ज्याची खीर आणि पुरणपोळी लोक आवडीने खातात, ज्याच्या दाण्यावरचा खपला मळणीत सुटत नाही म्हणून जो कांडावा लागतो, तोच हा. गव्हाच्या अतिप्राचीन लागवडीच्या जातींपैकी ही एक. काळ्या तांबेऱ्याच्या असंख्य वंशांपुढे इतर गहू माना टाकीत असता खपली उभा राहत असे, म्हणूनच त्याला या मानाच्या पंक्तीत जागा मिळाली.

असे का होते, हा उलगडा झाला तो गव्हावरून नव्हे; जवसावरून! नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लॉर यांनी १९४० नंतरच्या वर्षांत जवस आणि जवसाचा तांबेरा या दोहोंचेही संकर करून पाहिले. त्यांना आढळले की झाडात प्रतिकाराचे जेवढे जनुक आहेत, तेवढ्यांना जोड देणारे जनुक बुरशीतही आहेत. सोप्या भाषेत असे म्हणता येईल : झाडाच्या दाराशी एकेक पहारेकरी उभा असतो, आणि प्रत्येक पहारेकरी बुरशीची एकेक खूण ओळखतो. खूण ओळखली की दार बंद होते. परंतु बुरशी ही बहुरूपी आहे. ज्या खुणेने ती पकडली जात होती ती खूण तिने टाकून दिली, तर तोच पहारेकरी तिला सुखाने आत सोडतो. पहारेकरी म्हातारा झालेला नसतो किंवा झोपलेलाही नसतो. समोरचे सोंगच बदललेले असते. नर्मदाकाठच्या शेतकऱ्यांनी ज्या जवसावर ठपका ठेवला होता, त्याच जवसाने शंभराहून अधिक वर्षांनी गव्हाच्या रोगाचे मर्म उघड केले, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

हे सोंग बदलते कसे? आपल्याकडील तांबेऱ्यात नरमादीचा संयोग होत नाही, असे वर सांगितले. त्याची संतती म्हणजे बापाचीच हुबेहूब प्रतिमा. मग विविधता कोठून येते? एक मार्ग उत्परिवर्तनाचा. जनुकाची नक्कल उतरविताना एखादे अक्षर चुकते. अशी चूक अतिशय दुर्मीळ खरी, परंतु रोगट शेतातून उडणाऱ्या बीजुकांची संख्या अब्जांनी मोजावी लागते; तेव्हा दुर्मीळ गोष्टही रोजच कोठे तरी घडत असते. एरवी अशी चुकलेली बीजुके कोणाच्या लक्षातही येत नाहीत. परंतु मुलूखभर जर एकच वाण पेरलेले असेल आणि त्याच्या दाराशी एकच पहारेकरी असेल, तर त्या चुकीला राज्य मिळते. नवा वंश माणूस निर्माण करीत नाही. पण त्याची निवड मात्र माणूसच करतो, आणि ती तो आपल्या पेरणीने करतो. आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

महाराष्ट्रात या झगड्याचे ठाणे निफाड. नाशिक जिल्ह्यातील या संशोधन केंद्रात गव्हाच्या तांबेऱ्यावर १९३० नंतरच्या दशकापासून काम चालू झाले. केनियातील प्रतिकारक्षम गव्हाशी निफाडच्या गव्हाचा संकर करून तेथे जे वाण निघाले, त्यांना दोन्ही घराण्यांची नावे जोडून 'केनफड' म्हणण्यात आले. आपल्या मुलखात तांबेऱ्यास तोंड देण्यासाठी हेतुपुरस्सर घडविलेल्या पहिल्या वाणांपैकी ते होत. निफाडहून पुढेही जिरायत आणि बागायत गव्हाची वाणे निघत राहिली, त्यांतील एन. आय. ५४३९ महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

इकडे हे चालू असता खपलीचे भाग्य परदेशी उजळले. सिडनी विद्यापीठातील वॉटरहाउस यांनी खपलीचा ऑस्ट्रेलियन 'स्टाइनवेडेल' गव्हाशी संकर केला आणि त्या संततीस 'खॅपस्टाइन' हे नाव दिले. पुढे १९५० साली अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याचा '१५-बी' हा वंश एकाएकी बळावला, आणि १९५३ व १९५४ साली त्याने तिकडील शेवयांच्या कठीण गव्हाची धूळधाण केली. त्यानंतर नॉर्थ डाकोटात 'लँग्डन'सारखी जी नवी वाणे उभी राहिली त्यांच्या पूर्वजांत खपली आहे. खपलीतील प्रतिकाराच्या एका जनुकास शास्त्रज्ञ 'एस-आर १३' म्हणतात. २०१७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ते नेमके ओळखून वेगळे केले. निरक्षर शेतकऱ्यांनी, केवळ खिरीला चव येते आणि हलक्या जमिनीत पीक धरते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जे बी राखले, त्यात हे धन होते. ते सांभाळताना ते काय सांभाळीत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. आपण आज काय टाकून देत आहोत हे आपल्याला तरी कोठे ठाऊक आहे?

१९६५ नंतर बुटक्या गव्हांचे युग आले. उत्पन्न वाढले, देश स्वतःच्या पायावर उभा राहिला; या पराक्रमाचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण 'कल्याण सोना' हे एकच वाण उत्तर भारतभर पसरले आणि १९७० नंतरच्या पहिल्या तीनचार हंगामांतच तपकिरी तांबेऱ्याचे नवे वंश त्यावर चालून आले. हीच कथा आपल्या मुलखात बाजरीच्या बाबतीत घडली. १९६५ साली एच. बी. १ हे पहिले संकरित बियाणे आले, नंतर एच. बी. ३ आले; दोघांची माता एकच, अमेरिकेहून आणलेली टिफ्ट २३-ए. १९७०-७१ साली देशात बाजरीचे उत्पन्न सुमारे ८० लाख टनांवर गेले. नंतर शेतोशेती कणसांच्या जागी पानांचे झुपके दिसू लागले. ज्याला आपले शेतकरी 'गोसावी' म्हणतात तोच हा रोग. कणसाला दाणे भरण्याऐवजी गोसाव्याच्या जटा फुटतात. शास्त्राच्या काटेकोर भाषेत याचा जंतू खऱ्या बुरशीहून निराळ्या कुळातला आहे, पण त्याची रीत तीच. चार वर्षांत उत्पन्न निम्म्याच्याही खाली आले. त्यात १९७२ च्या दुष्काळाचा हात होता हे खरे. परंतु गोसाव्याचाही होता.

शेवटचा अध्याय आफ्रिकेत लिहिला गेला. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक वंश आढळला. 'यु-जी ९९' या नावाने तो प्रसिद्ध आहे. राय या धान्यातून गव्हात आणलेले 'एस-आर ३१' हे जनुक जगातील कोट्यवधी एकरांवर पहारा करीत होते. त्याला या वंशाने निकामी केले. केनिया, इथिओपिया, येमेन अशी पावले टाकीत २००७ पर्यंत तो इराणात आल्याचे कळले. भारतातील पाहणीत तो आढळलेला नाही, पण २००५ पासून आपले गहू केनियातील न्जोरो येथे नेऊन त्याच्यासमोर उभे करून पारखले जात आहेत. त्याच्या जन्माचे रहस्य २०१९ साली उकलले. तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके असतात. दोन भिन्न वंशांचे तंतू एकाच झाडात एकमेकांना भिडले आणि त्यांनी एकेक केंद्रक अदलाबदल केले, त्यातून हा वंश जन्मला. लग्नावाचून दत्तकविधान व्हावे आणि दोन घराण्यांची इस्टेट एकत्र यावी, तसा हा प्रकार. म्हणजे विविधतेचा दुसराही मार्ग बुरशीपाशी आहे, आणि त्यासाठी तिला दारुहळदीच्या झुडपाची गरज नाही.

खपलीचे 'एस-आर १३' या युगांडाच्या घराण्यातील अनेक वंशांविरुद्ध उपयोगी पडते. परंतु इथिओपियात त्यालाही चुकविणारा वंश दिसून आला आहे. तेव्हा खपली म्हणजे रामबाण, असे कोणी समजू नये. कोणतेही एक जनुक, मग ते केनियाचे असो, राय धान्याचे असो वा खपलीचे, एकटे पुरे पडत नाही. एकाच वाणात दोनतीन पहारेकरी एकदम उभे केले, तर त्या सर्वांना एकाच वेळी चुकविणारे बीजुक फार विरळा. तसेच तांबेऱ्याच्या वाटेवर, म्हणजे निलगिरीत एक, दख्खनात दुसरे आणि मध्य भारतात तिसरे जनुक असलेली वाणे पेरावी, म्हणजे डोंगरातून निघालेला वंश मैदानात उतरताच उपाशी मरेल, असा विचार आपल्या शास्त्रज्ञांनी मांडला आहे. गेली कित्येक दशके आपल्याकडे १९४६-४७ सारखा उत्पात झालेला नाही. याचे श्रेय नव्या वाणांना आहे, लवकर तयार होणाऱ्या पिकांना आहे, आणि निलगिरीत गव्हाचा पेरा फार कमी झाला यालाही आहे. या स्वास्थ्याने आपण गाफील राहू नये.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शहाद्याच्या बागायतदाराने भरघोस उत्पन्नाचे वाण सोडून जुन्या बन्सी-खपलीकडे परत जावे काय? त्याच्या घरखर्चाचा भार आम्ही उचलणार आहोत काय? नाही, आणि तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत जुन्या वाणांचे बी थंड कोठारात ठेवलेले आहे, हा मोठाच आधार आहे. पण कोठारातले बी झोपलेले असते. बाहेर बुरशी दर हंगामास सोंग बदलीत असता कोठारातला गहू मात्र ज्या दिवशी आत गेला त्या दिवसाचाच राहतो. शेतात राहणारे बी निराळे : ते ऊन, पाऊस, रोग सोसते, त्यातून तगते, आणि शेतकरी त्यातले चांगले कणीस पुढच्या पेरणीस निवडतो. झगड्याची दुसरी बाजूही अशी जिवंत राहावयास हवी असेल, तर थोडे बी कोठे तरी पेरलेलेच असले पाहिजे, आणि ते पेरणाऱ्याचे नुकसान समाजाने भरून दिले पाहिजे.

हे अशक्य नाही. प्रकाशाहून उत्तरेस सातपुड्याच्या अंगाखांद्यावर, धडगाव तालुक्यात, आदिवासी शेतकऱ्यांनी बायफ संस्थेच्या साह्याने मका आणि ज्वारी यांच्या गावठी वाणांची बीजबँक उभी केली आहे. तेथील बायका घरात टांगून ठेवलेल्या कणसांतून बी निवडतात आणि पुढच्या हंगामास एकमेकींना देतात. त्यात आमच्या गव्हाचा संबंध नाही, परंतु रीत तीच आहे. तापीच्या खोऱ्यात गव्हासाठी असे काही करावयाचे तर निफाडचे शास्त्रज्ञ, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि गावातील शेतकरी यांनी एकत्र बसले पाहिजे. प्रत्येक गावाने वावराचा एक कोपरा जुन्या वाणासाठी राखावा. शेजारी शास्त्रज्ञाने दर हंगामास तांबेऱ्याचा नमुना घेऊन तो वंश ओळखण्याकरिता शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे धाडावा. आणि सरकारने त्या कोपऱ्याचे भाडे द्यावे. खर्च थोडा आहे. १९४६-४७ साली गमावलेल्या गव्हाच्या मानाने तर तो काहीच नाही.

प्रकाशाच्या टेकाडाखाली जे लोक निजले आहेत त्यांच्या हाती विद्या थोडी होती, पण त्यांच्या वावरातला गहू एकाच साच्यातला नव्हता. आपल्यापाशी विद्या पुष्कळ आहे आणि वावरात विविधता थोडी. यातली दुसरी उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी नवा रोग येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या वर्षीच्या कार्तिकातल्या पेरणीपासूनच आरंभ करता येईल.